नाळेच्या स्टेम सेल्सनी बाबांच्या हृदयाचं पंपिंग सुधारेल का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाबा ६१ वर्षांचे, चिंचपोकळीला राहणारे. सात महिन्यांपूर्वी हार्ट ॲटॅक आला. गॅस झाला असेल म्हणून ओवा आणि सोडा घेण्यात रात्र गेली, सकाळी हॉस्पिटलात नेलं आणि पुढच्या मुख्य रक्तवाहिनीत स्टेंट टाकला. आता इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, ईएफ (पंपिंगचं माप) २८ टक्के आहे आणि दोन जिने चढले की धाप लागते. उपनगरातल्या एका क्लिनिकने नाळेच्या स्टेम सेल्सचे, म्हणजे ज्यांपासून दुसऱ्या पेशी बनू शकतात अशा मूळपेशींचे, तीन डोस सलाईनमधून देऊ, पंपिंग नॉर्मलच्या जवळ येईल असं सांगून साडेचार लाख मागितलेत. त्यासाठी आईच्या नावावरची एफडी मोडावी का, हा तुमचा पहिला प्रश्न. दुसरा असा, की बहिणीला सातवा महिना आहे, तिच्या बाळाची नाळ बँकेत ठेवली तर ती आजोबांच्या हृदयासाठी वापरता येईल का.

दोन्ही प्रश्नांचं उत्तर ‘नाही’ आहे. एफडी मोडू नका. पण नुसतं ‘नाही’ ऐकून घरी गेलेला माणूस चार दिवसांनी पुन्हा त्या क्लिनिकच्या दारात उभा असतो, हे मी बावीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये पाहिलंय. त्यातली बहुतेक वर्षं परळला, सार्वजनिक रुग्णालयाच्या ओपीडीत गेली. म्हणून कारणं सविस्तर लिहिते.

आधी २८ टक्के म्हणजे काय ते. डावा कप्पा भरतो तेव्हा त्यात जेवढं रक्त असतं त्यातलं किती एका ठोक्याला बाहेर पडतं, ते प्रमाण म्हणजे ईएफ. निरोगी माणसाचंही ते शंभर नसतं, साधारण ५५ ते ७० असतं. त्यामुळे २८ म्हणजे ‘हृदय चार आण्यांचंच उरलं’ असं नाही. तुमच्या बाबांसारख्या रुग्णाचा इको मी करते तेव्हा पडद्यावर असं दिसतं: मागची आणि बाजूची भिंत ठोक्यागणिक आत येते, जाड होते. पुढची भिंत आणि टोक मात्र पातळ, पांढुरकं, जागच्या जागी. शेजारच्या भिंती आत येताना ते टोक कधीकधी उलट थोडं बाहेर फुगतं. तो व्रण आहे. रात्रभर रक्त न मिळाल्याने तिथला स्नायू मेला आणि त्याची जागा तंतूंनी घेतली. मोठ्या ॲटॅकमध्ये एक अब्जापर्यंत स्नायूपेशी मरू शकतात.

कातडी कापली तर नवी येते, मग हृदयाला काय झालं? या प्रश्नाचं उत्तर स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या संशोधकांनी २००९ मध्ये फार सुंदर रीतीने शोधलं. १९५०-६० च्या दशकांत अणुबॉम्बच्या चाचण्यांमुळे हवेतला कार्बन-१४ वाढला होता, नंतर तो कमी होत गेला. ज्या वर्षी पेशी जन्मते त्या वर्षीच्या हवेची खूण तिच्या डीएनएत राहते. त्यावरून हृदयाच्या पेशींचं वय काढलं, तर पंचविशीत वर्षाला सुमारे एक टक्का पेशी नव्या होतात आणि पंचाहत्तरीत अर्ध्या टक्क्याहून कमी, असं दिसलं. म्हणजे नवी पेशी येते, पण इतकी हळू की ॲटॅकने पडलेलं खिंडार त्यातून भरत नाही. बाहेरून पेशी आणून ते भरायचं, ही कल्पना इथूनच आली. कल्पना चांगली होती आणि त्यामागे खरी तळमळ होती.

आता नाळ. प्रसूतिगृहात जिने कधी ती हातात घेतली असेल तिला माहीत आहे: साधारण हातभर लांब, पिळदार, निळसर-पांढरी, आणि इतकी बुळबुळीत की हातमोज्यातून निसटते. आत दोन धमन्या, एक शीर आणि त्यांच्याभोवती घट्ट जेलीसारखा गर. सतराव्या शतकातल्या थॉमस व्हॉर्टन या इंग्रज डॉक्टरच्या नावाने त्याला व्हॉर्टन्स जेली म्हणतात. नाळेतून दोन वेगळ्या गोष्टी मिळतात आणि जाहिरातीत त्यांची हमखास गल्लत केलेली असते. नाळेतल्या रक्तात असतात त्या रक्त बनवणाऱ्या मूळपेशी. त्यांचा उपयोग पक्का आहे. १९८८ मध्ये पॅरिसमध्ये एलियान ग्लुकमन यांनी फॅन्कोनी ॲनिमिया हा रक्ताचा जन्मजात आजार असलेल्या एका मुलाला त्याच्या नवजात बहिणीच्या नाळेतलं रक्त दिलं, तिथून ही उपचारपद्धती सुरू झाली, आणि आज ती रक्ताच्या काही आजारांसाठी मान्य आहे. जेलीतून मिळतात त्या मेसेन्कायमल पेशी. त्या वेगळ्या जातीच्या. बाबांना जे देऊ म्हणतात ते बहुधा दुसऱ्या प्रकारातलं. ‘स्टेम सेलने ब्लड कॅन्सर बरा होतो, मग हृदय का नाही’ हे वाक्य तुम्हाला तिथे ऐकवलं असेल, तर पहिल्या पेशीचं यश दुसरीच्या खात्यावर लिहिलंय असं समजा.

या जेलीतल्या पेशी हृदयात जाऊन हृदयाचा स्नायू बनतात का? नाही बनत. हे मला ठळकपणे सांगायचंय, कारण क्लिनिकच्या माहितीपत्रकातल्या चित्रात पेशी व्रणात शिरून गुलाबी स्नायू झालेल्या दाखवतात. प्रत्यक्षात त्यातल्या बहुतेक काही दिवसांतच मरतात. सलाईनमधून दिल्या तर बहुतेक आधी फुप्फुसात अडकतात, कारण शिरेतून निघालेलं सगळं रक्त पहिल्यांदा तिथल्या केसासारख्या नळ्यांतून जातं आणि या पेशी आकाराने मोठ्या असतात. साधा हिशेब करू. सलाईनमधून देऊन झालेल्या एका चाचणीत वजनाच्या किलोमागे दहा लाख पेशी दिल्या होत्या. बाबा ६५ किलोचे असले तर साडेसहा कोटी. गमावलेल्या शंभर कोटींपर्यंत असू शकतात. आणि त्या साडेसहा कोटींतल्या हृदयापर्यंत पोचतात त्या अगदी थोड्या.

तरी काही फायदा झालाच तर तो कशाने? आजचं मत असं की मरायच्या आधी या पेशी काही रासायनिक निरोप सोडतात. त्याने सूज कमी होते, बारीक रक्तवाहिन्यांना थोडी चालना मिळते, जिवंत राहिलेल्या स्नायूला जरा आधार मिळतो. २०२० मध्ये सिनसिनाटीच्या जेफ्री मॉल्केन्टिन यांच्या गटाने उंदरांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. जिवंत मूळपेशी टोचल्या तरी हृदय थोडं सुधारलं, मेलेल्या टोचल्या तरी सुधारलं, आणि पेशी अजिबात नसलेलं, फक्त प्रतिकारशक्तीला डिवचणारं रसायन टोचलं तरी सुधारलं. म्हणजे काम केलं ते शरीराच्या स्वतःच्या साफसफाई करणाऱ्या पेशींनी, व्रण जरा नीट बांधून घेऊन. हे वाचलं त्या दिवशी मी बराच वेळ विचार करत बसले होते, कारण २००१ पासून आम्हाला कॉन्फरन्समध्ये जे सांगितलं जात होतं त्याच्या हे अगदी उलट होतं. हृदयात बोन मॅरोच्या (हाडांतल्या मगजाच्या) पेशी टाकल्या की नवा स्नायू तयार होतो हे २००१ साली मांडणारे पिएरो अँव्हर्सा पुढे हार्वर्डमध्ये होते. २०१८ मध्ये हार्वर्ड आणि त्यांच्या रुग्णालयानेच त्यांच्या प्रयोगशाळेतले ३१ शोधनिबंध मागे घ्या असं नियतकालिकांना कळवलं. त्यात बनावट किंवा बदललेली माहिती होती. त्या निबंधांच्या भरवशावर जगभर खऱ्या माणसांवर चाचण्या झाल्या होत्या.

म्हणून नाळेच्या पेशींवर चांगलं संशोधन झालंच नाही असं मात्र नाही. वर सांगितलेली सलाईनची चाचणी चिलीमधली, २०१७ साली प्रसिद्ध झालेली. हार्ट फेल्युअरचे, म्हणजे हृदयाचं पंपिंग कमी पडणारे ३० रुग्ण, १५ जणांना नाळेच्या मेसेन्कायमल पेशी आणि १५ जणांना नुसतं प्लासिबो, म्हणजे पेशी नसलेला दिखाऊ डोस. वर्षभरात पेशी घेतलेल्यांचा ईएफ सरासरी सातेक अंकांनी वाढला, दुसऱ्यांचा दोनेक अंकांनी. धोकादायक काही घडलं नाही. चीनमध्ये ॲटॅकनंतर ११६ रुग्णांवर व्हॉर्टन्स जेलीतल्या पेशींची चाचणी झाली, निष्कर्ष २०१५ मध्ये आले. तिथे पेशी थेट हृदयाच्या रक्तवाहिनीत सोडल्या होत्या. दीड वर्षात एका गटात ईएफ सुमारे आठने वाढला, दुसऱ्यात सुमारे तीनने. हे निकाल आशादायक आहेत आणि मी ते मनापासून वाचते. पण ते पुढच्या मोठ्या चाचणीचं दार उघडतात. साडेचार लाखांचं बिल लावण्याचा परवाना त्यातून मिळत नाही.

का, ते सांगते. पहिली गोष्ट म्हणजे, ज्यांना पेशी मिळाल्या नाहीत त्यांचाही ईएफ वाढला. ॲटॅकनंतर काही स्नायू मेलेला नसतो, नुसता बधिर झालेला असतो. स्टेंटमुळे रक्त मिळू लागलं की काही आठवड्यांत तो पुन्हा हलायला लागतो. त्यावर औषधांचा परिणाम वेगळा. मग क्लिनिक जेव्हा ‘आमच्या पेशंटचा ईएफ ३० वरून ३७ झाला’ म्हणतं, तेव्हा पेशी न घेता तो किती झाला असता, हे कुणाला ठाऊक? दुसरी गोष्ट इकोची. तोच रुग्ण, तीच सकाळ, तेच मशीन. मी ईएफ २८ काढते आणि शेजारच्या खोलीतला माझा सहकारी ३३ काढतो. आमच्यापैकी कुणी चुकलेलं नसतं, हातातला प्रोब थोडा तिरका झाला, रेघ कुठे ओढली, एवढ्यावर पाच अंक इकडेतिकडे होतात. ज्याला आपल्याच उपचाराचा गुण दाखवायचाय त्यानेच इको केला तर काय होईल ते वेगळं सांगायला नको.

२०१४ मध्ये लंडनच्या इम्पिरिअल कॉलेजच्या डॉक्टरांनी बोन मॅरोच्या पेशी हृदयाला दिलेल्या ४९ चाचण्यांचे निबंध ओळ न ओळ तपासले. बेरजा जुळतात का, रुग्णसंख्या एका पानावर एक आणि दुसऱ्यावर दुसरी आहे का, अशा विसंगती मोजल्या. सहाशेहून जास्त निघाल्या. ज्या पाच चाचण्यांमध्ये एकही विसंगती नव्हती त्यांत पेशींचा फायदा शून्याच्या आसपास. ज्या पाचांमध्ये तीसहून जास्त विसंगती होत्या त्यांत ईएफ जवळजवळ आठने वाढलेला. मी माझ्या विद्यार्थ्यांना हा निबंध दरवर्षी वाचायला देते.

मोठ्या चाचण्यांचं काय झालं? युरोपात ॲटॅकनंतरच्या ३,००० रुग्णांवर बोन मॅरोच्या पेशींची चाचणी करायचं ठरलं होतं, प्रत्यक्षात ३७५ च रुग्ण मिळाले आणि २०२० मध्ये आलेल्या निकालातून फायदा सिद्ध झाला नाही. अमेरिकेत हार्ट फेल्युअरच्या ५३७ रुग्णांमध्ये दात्याच्या बोन मॅरोतल्या मेसेन्कायमल जातीच्या पेशी थेट हृदयाच्या भिंतीत टोचल्या. २०२३ मधला तो निकालही मुख्य कसोटीवर उतरला नाही, म्हणजे हार्ट फेल्युअर बळावून पुन्हा पुन्हा ॲडमिट व्हावं लागणं कमी झालं नाही. पुढचे ॲटॅक आणि पक्षाघात कमी दिसले, त्यावर अजून काम चालू आहे. या पेशी नाळेच्या नव्हत्या हे खरं. पण ‘नाळेच्या तरुण असतात म्हणून जास्त चालतील’ हेही चाचणीनेच ठरायला हवं.

इथे मला परळचाच एक प्रसंग सांगितल्याशिवाय राहवत नाही. केईएम रुग्णालयाचे सर्जन डॉ. पी. के. सेन आमच्या पिढीला दैवतासारखे. फेब्रुवारी १९६८ मध्ये, दक्षिण आफ्रिकेच्या डॉ. बर्नार्ड यांनी जगातलं पहिलं हृदयप्रत्यारोपण केल्यानंतर तीन महिन्यांच्या आत, त्यांनी इथे हृदयप्रत्यारोपण केलं. रुग्ण काही तासच जगला, पण भारतातलं ते पहिलं. त्याच सेन यांनी त्याआधी एक विलक्षण कल्पना मांडली होती. सापाच्या हृदयाला स्नायूतल्या पोकळ्यांमधून थेट आतलं रक्त मिळतं. मग माणसाच्या आजारी हृदयाच्या भिंतीला सुईने बारीक भोकं पाडली तर? १९६५ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी ते प्रसिद्ध केलं. पुढे पाश्चात्त्य देशांत हीच कल्पना लेझरने अमलात आणली. छातीतलं दुखणं कमी झालं, रुग्ण जास्त चालू लागले, मशीनं विकली गेली. मग २००५ मध्ये २९८ रुग्णांवरची एक चाचणी आली. त्यात कॅथेटर, म्हणजे रक्तवाहिनीतून बारीक नळी, आत घालून करायचा लेझर काहींना खरा दिला आणि काहींना लेझर दिल्यासारखं सगळं केलं, पण दिला नाही. कुणाला काय मिळालं ते रुग्णालाही माहीत नाही आणि तपासणाऱ्यालाही नाही. दोन्ही गटांना सारखंच बरं वाटलं. सारखंच! छातीत दुखणं खरोखर कमी झालं होतं, कुणी खोटं बोलत नव्हतं. उपचार झाला या विश्वासाने, जास्त लक्ष दिलं गेल्याने, औषधं वेळेवर घेतल्याने ते झालं. सेन यांच्यासारख्या मोठ्या माणसाच्या कल्पनेलाही ही परीक्षा द्यावी लागली. तेव्हा क्लिनिकमध्ये तुम्हाला कुणी फोन लावून दिला आणि ‘माझे काका आता जिना चढतात’ असं पलीकडून ऐकू आलं, तर तो माणूस खरं बोलत असेल. पण पेशींनी काय केलं, ते त्यातून कळत नाही.

चारेक वर्षांपूर्वी रात्री साडेदहाला एक काका इमर्जन्सीत आले. खाटेवर टेकवू देईनात, पुढे वाकून बसलेले, ओठ निळसर, श्वासाबरोबर खळखळ आवाज. फुप्फुसात पाणी भरलं होतं. मशीनचा ऑक्सिजन आणि लघवीचं इंजेक्शन यांवर दोन तासांनी ते बोलू लागले. काकींनी प्लास्टिकच्या पिशवीतून फाइल काढली. वरती गुळगुळीत कागदावर रंगीत सर्टिफिकेट: पेशींची संख्या, त्यातल्या जिवंत किती टक्के, सही, शिक्का. पाटल्या मोडून दोन डोस घेतले होते. दोन महिने बरं वाटलं म्हणून काकांनी पाण्याची गोळी आणि आणखी एक गोळी सोडून दिली, आणि सोडू नका असं तिथे कुणी म्हटलं नाही. त्या सर्टिफिकेटखाली आधीच्या हॉस्पिटलचं डिस्चार्ज कार्ड होतं. मी तारीख पाहिली, अकरा महिने झाले होते. हृदयाच्या गोळ्यांचे डोस अजूनही सुरुवातीचेच, सगळ्यात कमी ताकदीचे. कुणी वाढवलेच नव्हते. मला त्या पाटल्यांपेक्षाही याचं जास्त वाईट वाटलं. जे औषध आयुष्य वाढवतं हे हजारो रुग्णांवर सिद्ध झालंय, ते त्या घरात होतं आणि अर्धवट होतं.

कायद्याचं सांगते. आपल्याकडे आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि जैवतंत्रज्ञान विभागाच्या २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या ठरावीक आजारांसाठीचं प्रत्यारोपण सोडलं, तर स्टेम सेल देणं हे संशोधन आहे, आणि ते मंजूर क्लिनिकल ट्रायलमध्येच करता येतं. त्यानंतर एखादं उत्पादन रीतसर चाचण्यांतून मंजूर होऊ शकतं, आणि झालंही आहे: बंगळुरूच्या एका कंपनीच्या बोन मॅरोतल्या पेशींना २०२० मध्ये पायाच्या रक्तवाहिन्या बंद होण्याच्या आजारासाठी परवानगी मिळाली. हृदयासाठी नाळेच्या पेशी मंजूर झालेल्या नाहीत. तेव्हा क्लिनिकला सीटीआरआय नोंदणी क्रमांक विचारा. ही देशातल्या चाचण्यांची सरकारी यादी आहे, इंटरनेटवर कुणालाही पाहता येते. क्रमांक दिला तर घरी येऊन तपासा, आजार तोच आहे का, हॉस्पिटल तेच आहे का बघा. एथिक्स कमिटीचं मंजुरीपत्र आणि मराठीतलं माहितीपत्रक मागा. आणि सगळ्यात सोपी खूण: खऱ्या ट्रायलमध्ये ज्या उपचाराची परीक्षा चालू आहे त्याचे पैसे रुग्णाकडून घेत नाहीत, आणि इजा झाली तर उपचार आणि भरपाईची जबाबदारी ट्रायल करणाऱ्यांवर असते. साडेचार लाख मागितले म्हणजे ती ट्रायल नव्हे. ‘साइड इफेक्ट नाही, नैसर्गिक आहे’ यावरही विसंबू नका. २०१८ मध्ये अमेरिकेत नाळेच्या रक्तापासून केलेल्या, मंजुरी नसलेल्या इंजेक्शनांनी १२ जणांना जिवाणूंचा संसर्ग होऊन हॉस्पिटलात दाखल व्हावं लागलं. ई. कोलायसारखे जिवाणू त्या बाटल्यांतच होते.

उद्या एखाद्या मोठ्या हॉस्पिटलात खरी, नोंदणी झालेली चाचणी निघाली आणि बाबा तिच्या अटींत बसले, तर मी स्वतः त्यांना भाग घ्या म्हणेन. त्यात प्लासिबोही मिळू शकतो हे समजून, फुकट, देखरेखीखाली.

आता बहिणीचं. आजोबांसाठी नातवंडाची नाळ ठेवण्यात अर्थ नाही. ज्या पेशींचा हृदयाला उपयोग अजून सिद्ध नाही त्या घरच्या असल्या म्हणून सिद्ध होत नाहीत. शिवाय बँक ठेवते ते प्रामुख्याने नाळेतलं रक्त, आणि २०१७ च्या त्याच तत्त्वांनुसार नाळेचा गर किंवा वार अशा इतर गोष्टी बँकेत ठेवायला परवानगी नाही. बाळाच्या स्वतःच्या भविष्यासाठी म्हणून खासगी बँकेत रक्त ठेवायला भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना आणि आयसीएमआर दोघेही सरसकट शिफारस करत नाहीत. बाळाला जन्मजात रक्ताचा आजार झाला तर तोच दोष त्याच्या नाळेतल्या पेशींतही असतो. घरात थॅलेसेमियासारखा आजार असलेलं मोठं भावंड असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा हिमॅटोलॉजिस्टला, म्हणजे रक्ताच्या आजारांच्या डॉक्टरांना, विचारून ठरवावं. तुमच्याकडे तसं काही नाही. बहिणीला एवढंच सांगा की बाळ रडलं आणि आई ठीक असेल, तर नाळ कापायला निदान एक मिनिट थांबा असं डॉक्टरांना आधीच बोलून ठेव. जागतिक आरोग्य संघटनाही तेच सांगते. पहिल्या दोन-तीन मिनिटांत वारेतलं ऐंशी ते शंभर मिली रक्त बाळाकडे जातं आणि पहिल्या सहा महिन्यांसाठीचा त्याचा लोहाचा साठा वाढतो. बँकेच्या पिशवीत जातं ते हेच रक्त.

बाबांसाठी करण्यासारखं खूप आहे. हार्ट फेल्युअरमध्ये आज चार जातींची औषधं एकत्र देतात: सॅक्युबिट्रिल-वालसार्टन किंवा त्याच्या जवळची गोळी, बीटा ब्लॉकर, स्पायरोनोलॅक्टोनच्या जातीची गोळी, आणि डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन. शेवटची मूळची मधुमेहाची, पण २०१९ मध्ये ४,७४४ रुग्णांच्या चाचणीत मधुमेह नसलेल्यांनाही तिने वाचवलं: हृदयामुळे मृत्यू येणं किंवा हार्ट फेल्युअर बळावणं चौथ्या हिश्श्याने कमी झालं. पेटंट संपल्यावर देशी कंपन्यांच्या गोळ्या आल्या आणि पहिली आणि शेवटची या दोन महाग जाती आता सामान्य घरालाही परवडू लागल्या आहेत. २०२२ च्या आणखी एका चाचणीत हॉस्पिटलातून सोडल्यावर दोन आठवड्यांत डोस झपाट्याने वाढवले आणि वारंवार तपासलं, तर सहा महिन्यांत मृत्यू किंवा पुन्हा भरती होणं २३ टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर आलं. एकही नवं औषध नाही, फक्त होती तीच नेटाने वाढवली.

चारही औषधं पूर्ण ताकदीने तीन महिने दिल्यावरही ईएफ ३५ च्या खालीच राहिला, तर आयसीडीचा विचार व्हायला हवा. हृदयाचा ठोका अचानक बिघडला तर शॉक देऊन माणसाला परत आणणारं ते छोटं यंत्र. ईसीजीमध्ये विशिष्ट ब्लॉक असेल तर दोन्ही बाजू एकत्र चालवणारा पेसमेकर बसवतात, त्यानेही ईएफ सुधारतो. यंत्राचा खर्च मोठा आहे, म्हणून आईची एफडी आत्ता जपायची. तोवर हॉस्पिटलच्या सोशल वर्करना भेटा. सरकारी योजना, मुख्यमंत्री सहायता निधी, ट्रस्ट यांचे अर्ज त्या भरून देतात.

घरी एक वजनकाटा घ्या. रोज सकाळी लघवी झाल्यावर, नाश्त्याआधी वजन करून वहीत लिहायचं. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते पाणी आहे, त्याच दिवशी फोन करा. लोणचं, पापड, सुकट, खारे बोंबील आणि फरसाण बंद. हे गिरणगावातल्या माणसाला किती जड जातं ते मला माहीत आहे, आमच्या घरीही आंबाडसुकं आवडीने खातात. आणि शहाळं! भेटायला येणारा प्रत्येकजण हृदयाच्या पेशंटला शहाळं आणतो. बाबा स्पायरोनोलॅक्टोन घेत असतील तर त्या पाण्यातलं पोटॅशियम रक्तात वाढून ठोका बिघडू शकतो. डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोज देऊ नका, आणि पोटॅशियम-क्रिएटिनिनची तपासणी सांगितली असेल ती चुकवू नका. चालणं सुरू ठेवा, सपाटीवर, बोलता येईल इतक्याच वेगाने. तंबाखू किंवा मशेरी असेल तर आजपासून बंद.

तुम्ही गोळ्यांची नावं लिहिलीत, पण एकाचाही डोस लिहिला नाहीत. बहुतेक घरांत असंच असतं. बाबांच्या पुढच्या तारखेला सगळ्या गोळ्यांची पाकिटं, दोन्ही इकोचे रिपोर्ट आणि वजनाची वही बरोबर न्या. आत गेल्यावर स्टेम सेलचा विषय काढायच्या आधी डॉक्टरांपुढे पाकिटं ठेवा आणि विचारा, ‘यातली कुठली गोळी अजून वाढवता येईल, आणि चारातली कुठली बाबांना अजून सुरूच केलेली नाही?’